शुक्रवारची हाक

“तू इथेच बस. पुढे घळ फार अरुंद आहे,” वसंतराव म्हणाले आणि पाण्याची बाटली कमलिनीच्या हातात देऊन चालू लागले.

“म्हणजे मी अडकण्याएवढी जाड आहे का?”

“तुझ्या गुडघ्यांसाठी म्हणतोय गं. टेन मिनिट्स. आत गेलो, आलो. खलास.”

एवढं बोलले हेच नवल. कमलिनी खडकाच्या सावलीत बसली. समोर अमिरातीतल्या फुजैराचे बोडके डोंगर, आणि त्यात कुणी सुरीने काप द्यावा तशी ती घळ. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, पण साठीला टेकलेला हा माणूस दर शुक्रवारी सकाळी गाडी काढून एकटाच इथे यायचा. विचारलं की म्हणायचा, “वॉकिंग. डॉक्टर बोललेत ना!” आज मात्र ती हट्टाने गाडीत येऊन बसली होती.

सत्त्याण्णव सालच्या ऐन दिवाळीत सासूबाई गेल्या. तिकीट मिळवून वसंतराव चिपळूणला पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. ते रडले नाहीत. परत आले, तेलाच्या टर्मिनलवर कामाला जाऊ लागले आणि घरात बोलायचेच थांबले. वाढलं तर दोन घास खायचे, नाहीतर तसेच उठायचे. कमलिनीला धास्ती वाटे. माणूस डोळ्यांसमोर होता आणि तरी हातचा चालला होता. तो एकदा मोकळा रडावा म्हणून तिने सगळं करून पाहिलं. सासूबाईंचा फोटो पुढ्यात ठेवला, त्या करायच्या तसं फणसाचं सांदण केलं. त्यांनी फोटोची काच पुसली आणि सांदण शेजारी पोहोचवलं.

पूर्वी शुक्रवारची सकाळ म्हणजे फोन. सुट्टीच्या दिवशी इंडियाचा कॉल जरा स्वस्त पडायचा. सासूबाईंचा फोनच्या तारेवर काडीचा विश्वास नव्हता. आवाज आपला आपणच समुद्रापार पोहोचवायचा असतो, अशी त्यांची समजूत असावी. “वसंता! ए वसंता! जेवलास का?” सकाळचा चहासुद्धा झालेला नसला तरी प्रश्न तोच. वसंतराव रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे, मान किंचित तिरपी करून हसायचे आणि म्हणायचे, “हो गं, जेवलो.” स्वयंपाकघरातून कमलिनी टोमणा मारी, “अहो, फोन ठेवून द्या. तसंही ऐकू येईल!”

‘आत गेलो, आलो’ म्हणणारा माणूस काही येईना. कमलिनी उठली. ओढणी कमरेला खोचली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि घळीत शिरली.

आत एकदम गारवा होता. दोन्ही कोपरं दगडाला लागत होती. पुराच्या पाण्याने भिंती घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि वर आकाशाची निळी पट्टी तेवढी उरली होती. पायाखाली गोटे सरकत होते. ती भिंतीला धरून एक वळण गेली, दुसरं गेली, आणि जागच्या जागी थांबली.

“वसंता! ए वसंता!”

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हेल सासूबाईंचा होता. ‘ए’ लांबवून ‘ता’वर उचललेला, अगदी तसाच.

तिने वळणाआडून डोकावून पाहिलं. पुढे वसंतराव पाठमोरे उभे होते. तोंडाशी दोन्ही हात धरून ते पुन्हा ओरडले, “वसंता! ए वसंता!” आणि गप्प झाले. मान किंचित तिरपी करून ऐकत राहिले. हाक एकदा जवळून परत आली, एकदा लांबून, मग विरून गेली. ते पुढच्या हाकेसाठी छातीत दम भरू लागले.

“अहो” तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. टर्मिनलवर ते मिस्टर कारखानीस. महाराष्ट्र मंडळात वसंतराव. मोहिद्दीनच्या ग्रोसरीत अंकल. लेक शिवानी त्यांना डॅड म्हणे, आणि ती स्वतः अहो. जगात त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं. दर शुक्रवारी हा माणूस तेवढ्यासाठी इथे येत होता. कमलिनीला त्यांची अशी माया दाटून आली की धावत जाऊन त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं.

पण ती गेली नाही. उलट दोन पावलं मागे सरकली, वळणाआड, त्यांना दिसणार नाही अशी. नवऱ्याचं नाव तिने उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं, आणि तेही लाजत, ‘राव’ जोडून. त्या निर्मनुष्य घळीतही तिने सवयीने एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग पोटातून सगळा दम एकवटून, समुद्र ओलांडायचा असल्यासारखी ती ओरडली,

“वसंता! ए वसंता! जेवलास का?”

घळीने हाक उचलली आणि आत नेली. जवळून एकदा, लांबून एकदा. मग सगळं शांत झालं. कमलिनी भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आपण भलतंच तर केलं नाही ना, अशी तिला भीती वाटली.

वळणापलीकडे गोटे खळखळले. कुणीतरी मटकन खाली बसलं. मग एक हुंदका आला, त्यामागे दुसरा, आणि साठीचा तो माणूस शाळकरी पोरासारखा मोठ्याने रडू लागला.

“नाही गं,” तो रडत रडत म्हणाला, “दिवाळीपासून जेवलोच नाही.”