गोजरबाईचा अंगठा

गोजरबाईनं उजवा अंगठा सुती फडक्यात गुंडाळून आणला होता. रांगेत कुणाचा धक्का लागला की ती आधी अंगठा छातीशी धरायची, मग तोल सावरायची. पुढं अजून सात माणसं होती. अंगठा द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि सहाला रेशन दुकानाचं शटर खाली येणार.

आजवर घरचं धान्य तिच्या मुलाच्या, सयाजीच्या अंगठ्यावर यायचं. आता कार्डावरच्या प्रत्येकानं स्वतः येऊन मशीनवर अंगठा टेकवायचा होता. जुळला नाही, तर नाव कटणार. शेजारच्या कमलम्माचं पहिल्याच आठवड्यात अडकलं. चाळीस वर्षं विड्या वळून तिची बोटं गुळगुळीत झाली होती. "मशीन म्हणतंय, मी कमलम्मा नाहीच," असं म्हणून ती बाई दारात बसून रडली.

त्या संध्याकाळी गोजरबाईनं बल्बखाली आपला अंगठा धरला. घासलेल्या पळीसारखा लख्ख. एक रेघ म्हणून नाही.

रेघ राहणार कशी? वीस वर्षं ती शुक्रवार पेठेत मायाप्पाच्या खानावळीत भांडी घासत होती. मायाप्पा साबण विकत आणत नसे. मागच्या अंगणात कॉस्टिक सोडा टाकून स्वतः शिजवायचा. तो साबण असा, की पातेल्यांवर कोरलेली नावं दोन महिन्यांत गेली, आणि कुठलं पातेलं सासरचं अन् कुठलं माहेरचं यावरून मायाप्पाच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. तिथं माणसाच्या कातडीची काय कथा!

"माझं नाव कटलं तर मी कुटं ऱ्हायले गं?" तिनं सुनेला विचारलं.

सून पिंकी सात रस्त्याला औषधांच्या दुकानात कामाला होती. साबणातलं तिला कळायचं. "आत्या, त्या साबणानं कातडीचं तेलच ओढून काढलंय. कातडी वाळली, सोलली, रेघा गेल्या. पण आतून परत येतात त्या. महिनाभर हाताला कडक साबण लावायचा नाही. आणि रेघा आल्याशिवाय मशीनजवळ जायचं नाही. एकदा नाही म्हणालं की कमलम्मासारखं व्हायचं."

गोजरबाईनं खानावळीतून महिन्याची सुट्टी मागितली. "दुसरी बाई बघतो मग," मायाप्पा म्हणाला. ती बरं म्हणाली आणि घरी आली.

पहिला आणला तो गुलाबी, वासाचा साबण. हाताला असा वास सुटला, की गल्लीतल्या मधमाश्या घराला फेऱ्या मारू लागल्या. पण रात्रभर खाज. मग कडुनिंबाचा. त्यानं अंगठ्याला भेगा पडल्या. गोजरबाई घाबरली. "आगं, आता हाय ती कातडी पन जातीया!" शेवटी पिंकीनं ग्लिसरीनचा आणला, काचेसारखा आरपार. तो थोडा लावायचा, कोमट पाण्यानं धुवायचं, ओल असतानाच खोबरेल चोळायचं. घरची भांडी सयाजीकडं गेली. तो कुरकुरला, तेव्हा गोजरबाईनं नुसता अंगठा वर केला. त्यानं मुकाट घासणी उचलली.

अठराव्या दिवशी पिंकी मोबाइलची बॅटरी लावून ओरडली, "आत्या, आली!" कडेला एक रेघ उमटली होती. मग दुसरी. माहेरी वैरागच्या रानात पेरणीची पाभर फिरावी तशा ओळी गोल वळत निघाल्या. गल्ली बघायला आली. कमलम्मानं तो अंगठा हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

आता रांगेत पुढं कुणीच उरलं नव्हतं.

बसू नावाचा दुकानदार म्हणाला, "या आजी. टेकवा."

गोजरबाईनं फडकं सोडलं, डोळे मिटले, अंगठा टेकवला. मशीन किरकिरलं. लाल दिवा.

"परत."

लाल.

"डावा बघू."

लाल. एकेक करून दहाही बोटं झाली. गोजरबाईच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. मागची रांग चुळबुळू लागली.

"अहो, काच पुसा की जरा!" शेजारी उभ्या पिंकीचा आवाज चढला. "एवढ्या ठसठशीत रेघा आहेत, दिसत नाहीत का तुमच्या मशीनला?"

बसूनं काच पुसली. परत लाल. मग त्यानं चष्मा वर केला, गोजरबाईचा अंगठा उजेडात धरला आणि बघतच राहिला.

"आजी, लई झाक अंगठा हाय. एक सांगा, आधार कार्ड कधी काढलंतं?"

"झाली की बारा-तेरा वरसं. खानावळीत कामाला लागून लई दिस झालं हुतं. दुपारची भांडी उरकली, पदराला हात पुसलं, तशीच गेले."

"आन् तवा रेघा होत्या?"

गोजरबाईनं हळूच मान आडवी हलवली.

"मग मशीनला त्योच अंगठा ठावा हाय, आजी, घासून घासून गेलेला," बसू हळू आवाजात म्हणाला. "ह्यो अंगठा त्येनं कधी बघितलाच न्हाई. तुमी तशाच आला असता, तर कदाचित जुळला असता."

पिंकी मटकन पोत्यावर बसली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

गोजरबाईनं एकदा अंगठ्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. मग पदर खोचला आणि रिक्षा चुकवत समोरच्या हॉटेलात शिरली. मोरीपाशी एक बाई पातेल्यांच्या ढिगात बसली होती.

"सरक गं बाई," गोजरबाई तिच्याशेजारी टेकत म्हणाली, "दे ती घासणी हिकडं. आन् साबन कसला हाय तुज्याकडं? चांगला कडक हाय न्हवं?"