स्वतःचीच री

या मंडळी, जवळ सरून बसा. गोष्ट इवलीशी आहे, पण घशाखाली सहज उतरायची नाही.

आकडीवरच्या एका औषधाचे मोठे संशोधक होते. तरुणपणी पहिल्या शोधनिबंधात त्यांनी लहान मुलांचा डोस 'अंदाजे' म्हणून लिहिला. तपासायचं राहूनच गेलं. दुसऱ्या निबंधात त्यांनी पहिल्याचा संदर्भ दिला, तिसऱ्यात दोन्हींचा, आणि असं करता करता 'अंदाजे' हा शब्द कधी गळून पडला ते त्यांनाही कळलं नाही. विभागातल्या बाई चिडवायच्या, "सर, गाणारेही तुम्हीच आणि री ओढणारेही तुम्हीच!"

सर हसायचे. "अहो बाई, निदान कुणी बेसूर तर होत नाही!"

परवा त्यांच्या नातीला, ठमीला, तापात आकडी आली. ते धापा टाकत इस्पितळात पोचले तेव्हा आकडी थांबली होती, पण पोरीचा श्वासही थांबत चालला होता.

"किती डोस दिलात हो?" त्यांनी विचारलं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला आकडा ओळखीचा निघाला. सरांनी तो पुन्हा विचारून घेतला.

"आजोबा, डोस बरोबरच आहे," पोरीच्या घशात नळी घालता घालता त्या म्हणाल्या. "एखादाच नाही, सगळे जाणकार तोच सांगतात."



ते सगळे जाणकार पलंगाचा कठडा धरून एकटेच उभे होते.

ठमी गेली. निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिचंही घ्या.