तीन टोपणं

मास्तर टेबलाखाली होते. निदान अर्धे. उरलेले अर्धे बाहेर होते आणि एरवी ते दृश्य पाहून बायको पोट धरून हसली असती. आज ती हसत नव्हती.

टेबलावर तीन स्क्रीन होते. मधल्या स्क्रीनवर एका हॉस्पिटलचं अंगण अर्धवट वळून अडकलं होतं. असं अंगण बांधण्याआधी चित्रात फिरवून दाखवायचं, हेच तिचं काम. चार वाजता हॉस्पिटलची माणसं ते पाहायला घरी येणार होती. मागच्या खेपेला "उजाड वाटतंय" म्हणून ती माणसं उठून गेली होती. आज पुन्हा तसंच झालं, तर वीस वर्षांचं स्वतःचं काम गुंडाळून बायको कुणाच्या तरी ऑफिसात नोकरी धरणार होती. अर्ज लिहून तयार होता.

"कार्डच गेलंय," टेबलाखालून निकाल आला. "काढून नेतो दुकानात."

मास्तर शाळेत गणित शिकवत आणि घरात बाकीचं सगळं. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी, जड चित्रं झरझर फिरावीत म्हणून, महागाचं ग्राफिक्स कार्ड त्यांनीच आणलं आणि त्यांनीच बसवलं. तिन्ही स्क्रीन एकदम उजळले, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. "आणि शांत किती आहे बघा! पंखा आहे की नाही कळतसुद्धा नाही." शेजारी कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावून, माना डोलावून गेले.

पण अंगण फिरवायला घेतलं की चित्र अडखळायचं. मास्तर तिच्या मागे उभे राहून निदान करत. "अगं, फाईल जड होते. झाडं किती लावतेस! कमी कर." दोनशे झाडांची दीडशे झाली, दीडशेची साठ. तरी अडखळणं गेलं नाही. आता अंगणात अकरा झाडं होती आणि बाकावर बसलेले चित्रातले पेशंट भर उन्हात तळत होते.

दुकानदाराने कार्ड उलटसुलट केलं. चष्मा कपाळावर चढवला.

"हे वापरलंत कधी?"

"दोन वर्षं! रोज दहा तास!"

दुकानदाराने कार्डाच्या कडेची तीन काळी रबरी टोपणं नखाने उचकटली आणि काउंटरवर ओळीने मांडली. "स्क्रीनच्या वायरी इथे खोचायच्या असतात. तुम्ही कुठे खोचल्यात?"

मास्तरांनी सांगितलं. कॉम्प्युटरच्या मागे, वरच्या बाजूला तीन जागा उघड्याच होत्या, तिथे. कार्डावरच्या जागा कंपनीने झाकून दिलेल्या. झाकलेलं उघडायचं नाही, हा तर मास्तरांचा धर्म होता. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता, सोफा प्लास्टिकखाली होता, फ्रिजच्या दारावरची फिल्म सात वर्षांनीही जागेवर होती. वस्तू कशी नवी राहिली पाहिजे.

"म्हणजे आचारी ठेवलात, त्याला दोन वर्षं दारात बसवलंत आणि स्वयंपाक करून घेतलात दरवानाकडून," दुकानदार म्हणाला. "कार्डाला काही झालेलं नाही, त्याला कामच मिळालेलं नाही. न्या घरी."

मास्तरांनी टोपणं खिशात टाकली. वाटेत त्यांनी स्वतःला जेवढ्या पदव्या दिल्या, त्यातली एकही वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगी नव्हती.

घरी येऊन ते थेट टेबलाखाली शिरले. कार्ड बसवलं. तिन्ही वायरी काढून कार्डावर खोचल्या. स्क्रीन उजळले. बायकोने अंगणाला हात घातला आणि खोक्यातून घूंऽऽ असा आवाज आला.

"अहो, आवाज येतोय!"

"येऊ दे. फिरव."

अंगण फिरलं. कुठेही न अडखळता, पाण्यासारखं. बायको बघतच राहिली.

"बदलून दिलं का हो? किती भला माणूस!"

नुसतं 'हो' म्हटलं की काम भागत होतं. अब्रू वाचत होती, शेजाऱ्यांतली पतही. ही गोष्ट मास्तर आता चारचौघांत रंगवून सांगतात, पण इथे आले की त्यांचा आवाज बसतो. कारण तेवढ्यात ती म्हणाली, "चला, अकरा झाडं तरी नीट दिसतील. चूक माझीच होती. हावरटासारखी झाडं लावत होते मी."

मास्तर टेबलाखालून बाहेर आले. खिशातली तीन टोपणं त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, शेजाऱ्यांच्या कानासकट.

तिने तिन्ही टोपणं एकेक करून उचलून पाहिली.

"म्हणजे झाडं जास्त नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती. मास्तर जास्त होता."

यावरही ती हसली नाही. घड्याळात अडीच वाजले होते. तिने अंगणाची पहिली, जुनी फाईल उघडली. दोनशेच्या दोनशे झाडं एका दमात उभी राहिली, बाकांवर सावल्या पडल्या. पंखा जीव तोडून फिरत होता आणि मास्तरांना तो आवाज ऐकून रडू आलं.

मग ती उठली. टीव्हीच्या रिमोटची पिशवी तिने टरकन फाडली, टोपणांसकट मास्तरांच्या हातात कोंबली आणि सोफ्याकडे बोट दाखवलं.

"चारच्या आत ते प्लास्टिक निघालं पाहिजे. आजपासून या घरात काहीही नवं ठेवायचं नाही."