ओढत नेलेलं इंजिन

डॉक्टरकीतून रिटायर झाल्यापासून शैलजाकाकू रोज सकाळी टेक्सासमधल्या अर्विंगच्या रेल्वे फाटकाजवळ कॅमेरा घेऊन उभ्या राहायच्या. वर्षापूर्वी दोन रेल्वे कंपन्या एक झाल्या आणि त्यांच्या आवडीची जुनी डिझेल इंजिनं एकेक करून दिसेनाशी होऊ लागली. आज शेजारच्या केतकीचा नवरा तन्मय पहिल्यांदाच त्यांच्यासोबत आला होता.

मालगाडी आली. पुढे दोन नवी इंजिनं होती आणि त्यांच्यामागे एक जुनं इंजिन बंद करून नुसतं ओढत नेलं जात होतं. काकूंनी कॅमेरा खाली घेतला.

"अरे, मागच्या सोमवारी हे स्वतः गाडी ओढत होतं."

"मग बिघडलं का?"

"बिघडलं कसलं! कंपन्या एक झाल्या की एकाच कामाला दोन-दोन इंजिनं होतात. मग जुनी भंगारात जातात."

"आधी काही कळतं का, काकू?"

"इंजिनाला कोण सांगायला जातंय?" काकू हसल्या.

तन्मय हसला नाही. गाडी पूर्ण निघून गेली तरी तो रुळांकडेच बघत होता.

"आमची कंपनीही गेल्या महिन्यात विकली गेली," तो हळूच म्हणाला. "आज सकाळपासून माझं लॉगिन चालत नाहीये. केतकीला वाटतंय, मी ऑफिसला गेलोय."