बियाण्याचे भोपळे

भारतने नाव पाण्यात ढकलली आणि मागे वळून पाहिलं. बायको शीला नारळ घेऊन उभी होती. तांड्यातली चार माणसं होती. त्याची आई, याडी, मात्र नव्हती. नाव दारात आल्यापासून आठ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. कोपऱ्यात बसून नुसती सुतळी विणत होती. आणि ती बोलल्याशिवाय वल्हं हातात घ्यायला त्याचा जीव होत नव्हता.

नाव निळी होती, फायबरची, कोरी करकरीत. पैनगंगेच्या पलीकडे त्याचं चार एकर शेत. पुलावरून जायचं तर अर्धा दिवस वळसा घालण्यातच जाई. आता कापूस नावेतून येणार होता. नव्या मालकाला नावेपुढे दुसरं काही दिसत नाही. "जाकिटं घेतली का?" असं भावसिंगकाकांनी विचारलं, तर हा म्हणाला, "घेऊ ना, पुढच्या बाजारात." पोहणं मात्र तो आयुष्यात एका उन्हाळ्यापुरतंच शिकला होता.

तो उन्हाळा त्याला अजून आठवतो. त्याचा बाप लालसिंग सुकलेल्या दुधी भोपळ्याचे दोन तुंबे कमरेला बांधून नदी पार करायचा. आठ वर्षांच्या भारतच्या कमरेलाही बांधायचा. पाण्यावर पडल्यावर पाठीखाली बापाचा हात असायचा. तसं निवांत त्याला पुन्हा कधीच वाटलं नाही. त्याच पावसाळ्यात लालसिंगनं स्वतःचा डोंगा घेतला आणि तुंबे खुंटीला टांगले. भादव्यात नदी फुगली, डोंगा उलटला. बाप गेला, तुंबे खुंटीवरच राहिले.

याडीनं दारातला भोपळ्याचा वेल उपटून फेकला. पुढची पंचवीस वर्षं तिनं भोपळा लावला नाही की नदीकडे पाय वळवला नाही. म्हणून गेल्या आखाडात म्हातारीनं पुन्हा वेल लावला, तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं. वेल छपरावर चढला, भोपळे लटकले. शीला विळा घेऊन गेली की ती एवढंच म्हणायची, "राहू दे, बियाले हाय." सहाच्या सहा भोपळे बियाण्याला. म्हातारी आता सारा जिल्हा पेरते की काय, असं म्हणून तांडा हसला.

आता तीच म्हातारी पायवाटेनं उतरत होती, खांद्यावर गाठोडं घेऊन. पाणी दिसलं तशी क्षणभर थांबली, मग खाली आली. गाठोडं सोडलं. आत सुतळीच्या जाळीत बांधलेले, वाळून खडखडीत झालेले तुंबे होते.

भारत चारचौघांत शरमला. "आता नाव हाय ना, याडी. तुंबे कायले?"

बोलला आणि त्याला आठवलं. तुंबे खुंटीला टांगताना बाप हेच बोलला होता, अगदी याच आवाजात.

याडी त्याच्या कमरेला तुंबे बांधू लागली. गाठी दोनदा ओढून पाहिल्या. त्याला लहानपणासारखे हात वर धरावे लागले, आणि बापाची आठवण येऊन त्याचे डोळे भरले. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. भोपळा लावून, पिकून, असा वाळायला सहा-सात महिने लागतात.

"याडी, नावेचं तं म्या दिवाळीत ठरवलं. कोनाले सांगतलंबी नव्हतं. तू वेल आखाडात लावला."

"आखाडात तू काठावर बसून पलीकडं पाहून राह्यला होता," ती म्हणाली. "तुहा बापबी असाच बसे."

"मंग मले अडवलं काहून नाही?"

"त्याले अडवलं होतं."

याडीनं शीलाच्या कमरेला दोन तुंबे बांधले. जाळीत आणखी दोन उरले. ते बापाच्या नावानं नदीत सोडायचे असतील, असं वाटून भारतनं हात पुढे केला. तिनं ते दिले नाहीत. पदर खोचला, तुंबे आपल्याच कमरेला बांधले आणि पाय नावेत ठेवला.

"सरक जरा," ती म्हणाली. "मांगच्या टायमाले मी काठावरच राह्यलती."