गप्प राहिलेली रायफल

"ट्रिगर दाबलाच नसणार त्यानं. हात लटपटले असतील," म्हणत साहेबांनी न उडालेलं काडतूस शस्त्रागारात माझ्यापुढे ठेवलं. भर बाजारात पिसाळलेला रेडा अंगावर आला, तेव्हा शिपाई खिलारेची रायफल गप्प राहिली होती. आता त्याची नोकरी जाणार होती.

मी काडतुसाचं बूड भिंगाखाली धरलं. मधोमध पिनेचा पुसट ठिपका होता. म्हणजे गड्यानं ट्रिगर दाबला होता. रायफल उघडून पाहिली. पिनच जोरात आदळली नव्हती, कारण ती ज्यात सरकते त्या बोल्टमधलं ग्रीस साबणाच्या वडीसारखं थिजलं होतं. ते साफ करणं माझं काम. रजिस्टरात मी ते दर सोमवारी चोख केलं होतं.

दारात उभा असलेला खिलारे म्हणाला, "हवालदार, तुम्ही तपासलेली रायफल म्हणजे शंकाच नको. माझंच बोट कचरलं असेल. उगाच मला वाचवायला काडतुसावर ढकलू नका."

नेमकं तेच माझ्या मनात होतं. कान तापले. "साहेब, याचं बोट पक्कं आहे," मी म्हणालो. "बोल्ट साफ करायचा ब्रश मी कुठे ठेवलाय, तेच दोन वर्षं आठवत नाहीये."

खिलारे लगेच वाकून टेबलाखाली ब्रश शोधू लागला.