ठोकळ्यांवरची गाडी

तीनदा दुरुस्त करूनही ब्रेक केकाटायचा थांबेना. खंडाळ्याच्या बंगल्यापुढं माधवराव ड्रायव्हरवर भडकले. "महिपती, गाढवा! आज घाट उतरताना आवाज आला, तर उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

"मग सोताच चालवा की, रावसायब!" महिपतीही तडकला. त्यानं गाडी ठोकळ्यांवर चढवली, चारी चाकं काढली. ब्रेकचे गुळगुळीत झालेले पट्टे मांडीवर घेऊन तो रागारागानं कानशीनं घासू लागला.

कीऽऽऽ...

तोच आवाज. खालून, घाटातून.

मांडीवरचे पट्टे तापू लागले. महिपतीनं ते भिरकावले. पडले तिथं गवत करपलं.

"ब्रेक दाब, गाढवा! महिपती, दाब!" घाटातून माधवराव ओरडले.

महिपतीनं मान वर केली. माधवराव शेजारीच उभे होते, ओठ घट्ट मिटून.